सिंचनाच्या मैत्रिणी

नवरात्राच्या सुटीनंतर शाळा उघडली आणि त्याच आठवड्यात सिंचना पहिल्यांदा कुणाला तरी बरोबर घेऊन घरी आली. घरी म्हणजे हॉटेलात. गदगहून बेटगेरीकडं जाणाऱ्या रस्त्यावर विरूपाक्षची पत्र्याची शेड होती. पुढं कढई, आत चार बाकडी, आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. मिरचीभजी आणि गिरमिट, म्हणजे कांदा-मसाला घालून कालवलेले चुरमुरे, एवढंच मिळायचं. पण चारनंतर उभं राहायला जागा नसायची.

विरूपाक्ष कढईत मिरच्या सोडत होता. मान वर केली तर समोर सिंचना, आणि तिच्यामागं गणवेशातल्या तीन मुली. चौदा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"अप्पा, ह्या माझ्या वर्गातल्या मुली आहेत," सिंचना म्हणाली. "त्यांना भूक लागली आहे."

ती अशीच बोलायची, आकाशवाणीवर बातम्या द्याव्यात तशी. गल्लीतली बोली तिच्या तोंडात कधी बसलीच नाही. पाच वर्षांची असताना धारवाडच्या डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलं होतं. "हिची बुद्धी चांगली आहे," ते म्हणाले होते. "पण माणसांत कसं वागायचं हे बाकीची मुलं बघून बघून शिकतात, हिला ते पाढ्यासारखं शिकवावं लागेल." तेव्हापासून तिची आई नीलव्वा तिला शिकवत आली. डोळ्यांत बघवत नसेल तर समोरच्याच्या भुवयांकडं बघ. एक प्रश्न विचार. मग मनात पाच आकडे मोज, तोवर समोरच्याला बोलू दे.

सिंचनानं ते पाढ्यासारखंच पाठ केलं. मधल्या सुटीत ती एकेका मुलीसमोर जाऊन उभी राहायची आणि विचारायची, "तू आज डब्यात काय आणलं आहेस?" तिचे पाच आकडे होईपर्यंत समोरची निघून गेलेली असायची. पुढं पुढं मुली एकमेकींना तिच्या आवाजात तोच प्रश्न विचारायच्या आणि हसून लोटपोट व्हायच्या. सिंचना घरी येऊन सांगायची, "आज सगळ्या माझ्या प्रश्नाला हसल्या. त्यांना तो आवडतो." नीलव्वा तेवढ्यापुरती चुलीकडं तोंड करायची.

त्या दिवशी मुलींनी पोटभर खाल्लं. एकीनं पैसे पुढं केले, तर विरूपाक्षनं हात जोडले. "आमच्या सिंचनाच्या मैत्रिणी तुम्ही. तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे?"

दुसऱ्या दिवशी मुली आल्या. तिसऱ्या दिवशीही आल्या.

त्यातली रूपश्री ही बेटगेरीच्या एका विणकराची पोरगी. बोलायला लागली की थांबायची नाही. सिंचनाला बोलायला एकच विषय होता, मागडीच्या तळ्यावर हिवाळ्यात येणारे पट्टकादंब पक्षी. हिमालयावरून उडत येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, दिवसभर पाण्यात बसून असतात आणि अंधार पडला की शेतात शिरून भुईमूग खातात. बाकीच्या दोघी हे ऐकताना एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. रूपश्री म्हणाली, "म्हणजे आमच्या दादासारखंच की गं. रात्री हाणायचं नि दिवसभर लोळायचं."

सिंचना तिच्या भुवयांकडं बघत राहिली. मग एकदम हसली, मोठ्यानं. ते हसू ऐकून नीलव्वा पिठाच्या हातानं बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

विरूपाक्षनं जे केलं ते त्यानंतर दोन दिवसांनी. मुली निघाल्या तेव्हा त्यानं रूपश्रीला मागं थांबवलं, गरम भज्यांची पुडी हातात दिली. "घरी ने. आणि मधल्या सुटीत तेवढं आमच्या पोरीजवळ बसत जा बाळ. एकटी पडते ती."

"बसते की काका," रूपश्री म्हणाली.

त्यानंतर रोज एक पुडी बाजूला निघू लागली. नीलव्वाला त्यानं सांगितलं नाही. चोरून काही करतोय असं त्याला वाटत नव्हतं. पण सांगावंसंही वाटलं नाही.

दोन महिने घरात वेगळंच वारं होतं. सिंचना शाळेतून आली की "रूपश्री म्हणाली" असं सुरू करायची. नीलव्वानं न शिकवलेले प्रश्न ती विचारू लागली होती. एकदा तर तिनं ग्राहकाला विचारलं, "तुमचा पाय दुखतो का?" तो म्हातारा खरोखरच लंगडत होता.

डिसेंबरात पट्टकादंब आल्याची बातमी आली. सिंचनानं रूपश्रीला विरूपाक्षच्या देखतच सांगितलं, "रविवारी सकाळी सात वाजता आपण मागडीला जाऊ. अप्पा रिक्षा सांगणार आहे."

रूपश्रीनं बाकीच्या दोघींकडं बघितलं. "येते की," ती म्हणाली.

रविवारी विरूपाक्षनं कढई मांडलीच नाही. शेजारचा बसू रिक्षा घेऊन पावणेसातलाच हजर. सिंचनानं दोन डबे भरून घेतले होते, एक स्वतःचा, एक रूपश्रीचा. सात वाजले, आठ वाजले. बसूनं दोनदा हॉर्न वाजवून बघितला.

"आपण दोघंच जाऊ या का?" विरूपाक्षनं विचारलं. "तिला काहीतरी काम निघालं असेल."

"तिनं येते म्हटलं आहे."

"म्हटलंय गं, पण..."

"तिघांचं ठरलं आहे, अप्पा."

दहाला बसू निघून गेला. सिंचना पायरीवर उभीच. उन्हं डोक्यावर आली तेव्हा ती आत आली, दोन्ही डबे ओट्यावर ठेवले आणि म्हणाली, "येते म्हटल्यावर किती वेळ थांबायचं असतं? अव्वानं ते शिकवलेलं नाही."

विरूपाक्ष जेवला नाही. तसाच उठून बेटगेरीला गेला. गल्लीभर माग खटखटत होते. त्याला बघताच रूपश्री बाहेर आली आणि भिंतीला टेकून खाली बघत उभी राहिली. तिला चांगलं फैलावर घ्यायचं असं तो वाटेत ठरवून आला होता. पण तिचा चेहरा बघून त्याला जमेना.

"ती पाच तास उभी होती," तो एवढंच म्हणाला.

"वर्गात मला भजीवाली मैत्रीण म्हणतात, काका," रूपश्री म्हणाली. "त्या दोघींनीच पसरवलं. परवा आईलाही कळलं. म्हणाली, भज्यांसाठी लोकांची पोरं सांभाळायला जातेस का? फिरायला बिलकूल जायचं नाही म्हणाली. पुडीही आणायची नाही."

"मग तसं सांगायचंस तरी तिला."

"कसं सांगू? तिला सांगितलं की ती मोठ्यानं विचारते, का म्हणून. सगळ्यांसमोर."

मग विरूपाक्षनं विचारायला नको होतं ते विचारलं. "तुला ती आवडत नाही का?"

रूपश्रीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आवडायची काका. ती खोटं बोलत नाही. तुम्ही पुडी दिली नसती तरी बसले असते मी, कदाचित. आता माझं मलाच कळत नाही."

परत येताना त्याला रस्ता कसा संपला ते कळलं नाही.

सोमवारी सिंचना एकटीच आली. दप्तर खाली न ठेवताच कढईसमोर उभी राहिली. "अप्पा, मुली म्हणाल्या की तू रूपश्रीला भजी देत होतास म्हणून ती माझ्याजवळ बसत होती. हे खरं आहे का?"

बाकड्यांवर माणसं होती. तिच्याशी खोटं बोलायचं नाही हा घरातला नियम त्यानंच घालून दिलेला होता. "दिली मी भजी," तो म्हणाला.

ती थांबली. मनात मोजत असावी. "मग आता बंद का केलीस?"

"तिच्या घरी नको म्हणतात."

"मग तिला गिरमिट दे. तिला भज्यांपेक्षा गिरमिट जास्त आवडतं."

विरूपाक्षनं कढईखालचा गॅस बंद केला. मागच्या दारात नीलव्वा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं लेकीच्या खांद्यावरचं दप्तर काढून घेतलं आणि तिला आत नेलं. त्याच्याशी ती बोलली ते चार दिवसांनी, कांदा चिरता चिरता. "मी तिला नऊ वर्षं शिकवलं, माणसं ओळखायला. तुम्ही मला एका शब्दानं तरी विचारायचं होतंत."

"तिचं हसणं ऐकलं होतं मी," तो म्हणाला. "ते पुन्हा ऐकावंसं वाटलं."

नीलव्वाचा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

संक्रांतीनंतर एकदा रूपश्री आली, एकटी, हातात स्वतःचे पैसे घेऊन. "सिंचना आहे का काका?" सिंचना बाहेर आली. रूपश्री म्हणाली, "तळ्यावरचे पक्षी अजून आहेत का गं?" सिंचनानं तिच्या भुवयांकडं बघितलं, बराच वेळ. "भजी तळून झाली आहेत," ती म्हणाली. "तू घेऊ शकतेस." आणि आत निघून गेली. ती चिडली नव्हती, हे विरूपाक्षला कळलं. रूपश्री कशासाठी आली आहे हे ओळखायचं कसं, तेवढंच तिला ठाऊक नव्हतं, आणि आता तिला ते कुणाला विचारायचंही नव्हतं. रूपश्री थोडा वेळ बसली. पुढ्यातल्या भज्यांना हात न लावता गेली.

फेब्रुवारीत शाळेनं पालकांना बोलावलं. वर्गशिक्षिका प्रसन्न होत्या. "तुमच्या मुलीत केवढी सुधारणा झालीय म्हणून सांगू. पूर्वी सगळ्या पोरींच्या मागं मागं फिरायची, तेच तेच विचारून भंडावून सोडायची. आता कुणाला काही त्रास नाही. एका जागी शांत बसते. घरी फार मेहनत घेतलेली दिसतेय तुम्ही."

विरूपाक्षनं नीलव्वाकडं बघितलं. ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

"होय बाई," तो म्हणाला.

बाहेर मधली सुटी झाली होती. मैदानभर पोरींचा गलका होता. सिंचना व्हरांड्याच्या टोकाला, भिंतीकडं तोंड करून डबा खात होती. आई-बाप जवळ येऊन उभे राहिले तरी तिनं मान वर केली नाही. घास नीट चावून झाल्यावर तिनं डब्याचं झाकण लावलं आणि हात धुवायला नळाकडं गेली.