दहा हजार सातने भागताना

सुधन्वा दांडेकर केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यातून निवृत्त झाले आणि मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये दिवसभर घरी राहू लागले. दुसऱ्या महिन्यात त्यांनी विजेच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक प्रथमच नीट पाहिला. १००१६००६३. ही मूळसंख्या असावी, असं त्यांना वाटलं.

कॉम्प्युटर क्षणात सांगेल, असं पत्नी चंद्रप्रभा म्हणाली. सांगेल, पण मग मी काय करू, असं त्यांनी विचारलं. तिने जेवणाचं अर्धं टेबल त्यांना मोकळं करून दिलं.

पद्धत शाळेतलीच. वर्गमूळापर्यंतच्या प्रत्येक मूळसंख्येने भागायचं. प्रत्येक वेळी बाकी उरली, तर संख्या मूळ. वर्गमूळ दहा हजारांच्या आसपास होतं आणि त्यांच्या जुन्या तक्त्यात दहा हजारांपर्यंतच्या सगळ्या मूळसंख्या होत्या, एकूण एक हजार दोनशे एकोणतीस. रोज दहा भागाकार, वहीत, पेनाने. तापाचे नऊ दिवस सोडले तर खंड पडला नाही. फेब्रुवारीत त्यांनी शेवटच्या ९९७३ ने भागलं. बाकी १२२४. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि चंद्रप्रभाला सांगितलं, मूळ आहे.

रविवारी मुनिरक्याहून त्यांची पुतणी तनया जेवायला आली. ती गणितात पीएचडी करत होती. काकांनी चारही वह्या तिच्यापुढे ठेवल्या. तिने पहिलं पान पाहिलं आणि बराच वेळ उलटलंच नाही. सांगावं की नको, हे तिला ठरवता येत नव्हतं.

"काका, यात एक मिळवा," ती शेवटी म्हणाली.

त्यांनी मिळवला. १००१६००६४.

"हा दहा हजार आठचा वर्ग आहे."

पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. वर्गातून एक वजा म्हणजे एक कमी गुणिले एक जास्त. त्यांनी नवं पान काढून दहा हजार सातने भागलं. उत्तर दहा हजार नऊ, बाकी शून्य. शून्याखाली त्यांनी नेहमीसारखी रेघ ओढली.

"म्हणजे एकच राहिला होता?"

"एकच."

नोकरीभर आकडे हजारांत गोल करून मांडले, त्याची सवय, असं ते म्हणाले. सॉरी म्हणावं असं तनयाला वाटलं, पण कशाबद्दल, ते कळेना.

"आणि हे दोन्ही मूळ आहेत कशावरून?" त्यांनी विचारलं.

आहेत, प्रसिद्ध जोडी आहे, असं ती म्हणाली. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही. इथे वर्गमूळ शंभराच्या किंचित पुढे, म्हणजे प्रत्येकी पंचवीसच भागाकार. त्यांनी या वेळी वर्गमूळ तीन दशांश स्थळांपर्यंत काढलं. दहा हजार नऊ स्वतःकडे ठेवला, दहा हजार सात तनयाला दिला. तिने शाळा सुटल्यापासून हाताने भागाकार केला नव्हता. त्रेचाळीसपाशी तिची बाकी एकवीस आली, तशी ती पुटपुटली.

"एकतीस," काका तिच्या वहीकडे न बघता म्हणाले.

तिने खोडून एकतीस लिहिलं. चंद्रप्रभाने दोघांची ताटं हातात आणून दिली, कारण टेबलावर आता अजिबात जागा उरली नव्हती.