सम्राटांचं घराणं आणि आमचं घराणं

त्या तटबंदीच्या शहराला दरवाजा एकच. सम्राटांच्या घराण्यानं शहर बांधलंच असं, की शत्रू आत शिरला तर गल्ल्यांतून फिरता फिरता म्हातारा व्हावा. त्यातला एक सम्राट स्वतःच्या लग्नाला निघाला तो थेट नातवाच्या लग्नाला पोचला. मधल्या मध्ये नातू कुठून आला, ते मला विचारू नका.

आमचंही घराणं काही कमी नाही. आमच्यात पुरुष वाट विचारत नाही. आजोबा शेजारच्या गावाला म्हणून निघाले आणि समुद्र आडवा आला तेव्हा थांबले, पण विचारलं नाही!

आमची सहलीची बस पाचला दरवाजाबाहेरून सुटणार होती, आणि तो दरवाजा काही सापडत नव्हता. ऊन कलायला लागलं आणि सकाळपासून दिसणारी ती निळी खिडकी, तिच्यात बसलेल्या बाई आणि मांजरासकट, पुन्हा समोर आली.

"अहो, खिडकीतल्या त्या बाईंना विचारा ना," बायको म्हणाली.

"अगं, ही खिडकी वेगळी."

"आणि मांजर?"

"जुळं असेल."

बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बस चुकली तर आजपासून तुमच्या गोष्टी बंद. घरात, दुकानात, न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा."

जेवण बंद म्हणाली असती तर चाललं असतं हो!

मी छाती पुढे काढून असा काही निघालो, की दोन म्हाताऱ्या माझ्या मागे लागल्या. त्यांच्या मागे शाळेची सहल. सहलीच्या मागे खरा गाईड, आपला अख्खा घोळका घेऊन. एवढे लोक ऐकताहेत म्हटल्यावर मला राहवतंय होय? "हा तट," मी सांगून टाकलं, "सम्राटानं आईला डास चावू नयेत म्हणून बांधला." गाईडनं मान डोलावली.

तेवढ्यात घड्याळाच्या मनोऱ्यावर पाचचे ठोके पडले. समोर पुन्हा ती खिडकी आणि तेच मांजर.

"संपलं," बायको म्हणाली. "मिटा तोंड." आणि तिनं वर बघून सरळ विचारलं, "बाई, मोठा दरवाजा कुठं हो?"

"तुमच्या पाठीमागं. सकाळपासून त्याच्यावरूनच तर जाताय. मला वाटलं, मिरवणूक आहे."

आम्ही धावत बाहेर पडलो. बस जागच्या जागी! पण कुलूपबंद.

"ड्रायव्हर कुठाय?" बायको ओरडली.

"आलो, आलो!" घोळक्याच्या शेपटाकडून आवाज आला. किल्ल्या खुळखुळवत ड्रायव्हर पुढे आला. "चहाला गेलो होतो, वाट चुकलो. हे साहेब एवढ्या थाटात चाललेले, म्हटलं बसकडेच निघाले असणार."

मी बायकोकडे पाहिलं. "चुकली का बस?"

ड्रायव्हरनं दार उघडलं आणि ती आत जाऊन बसली. बस चुकली नव्हती, म्हणून तर तुम्हाला हे सांगता येतंय.

पुढच्या तिठ्यावर ड्रायव्हरनं गाडी थांबवून मागे पाहिलं. "साहेब, डावीकडे की उजवीकडे?"

मी छाती पुढे काढली. बायकोनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि रस्त्यावरच्या माणसाला हाक मारली.