चौथ्या मजल्यावरची रबरी टोपी

मित्रांनो, मी एक जुनी इमारत आहे. इंग्लंडच्या थंडगार किनाऱ्यावर, थॉर्नक्लिफ गावात, समुद्राकडे तोंड करून उभी आहे. पूर्वी मी हॉटेल होते. राणी व्हिक्टोरियाच्या काळात गावात आगगाडी आली आणि पाठोपाठ मी. पिवळ्या विटा, समुद्र दिसावा म्हणून पुढे काढलेल्या खिडक्या, नाचघरावर रंगीत काचांचा घुमट. शिवाय चार मनोरे. त्यांत कोणी राहत नसे, ते फक्त दुरून दिसण्यासाठी होते. माझी पितळी जाळीची लिफ्ट पाण्याच्या दाबावर चाले. पाहुणे काम नसताना वरखाली करत.

मग लोक सुट्टीला स्पेनच्या उन्हात जाऊ लागले. माझ्या खोल्यांचे फ्लॅट झाले, नाचघरात सायकली आल्या. एका बिल्डरने मला पाडायचे ठरवले, तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या विनिफ्रेड हॉलरॉइडबाई थर्मास घेऊन दारात बसल्या आणि जिंकल्या. मी वारसा वास्तू ठरले. जाळीसकट.

यंदा लिफ्ट बंद पडली. तिचे सुटे भाग आता कोणी बनवत नाही. नवी बसवायची तर जाळी काढावी लागेल, आणि जाळी काढायला बंदी आहे. बाईंचे गुडघे गेलेले. त्या वरच अडकल्या.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी अख्खे गाव समुद्रात बुडी मारते. बाईंनी ती कधीच चुकवली नव्हती. खालच्या मजल्यावरच्या डेस्मंडकडे बाईंना बसवून खाली न्यायला दणकट खुर्ची होती, उचलायला दोन जावई होते. पण त्याने विचारले नाही, बाईंना म्हातारी म्हटल्यासारखे होईल म्हणून. बाईंनी सांगितले नाही, लोकांना त्रास होईल म्हणून. सभ्य माणसे.

बुडी आटोपल्यावर डेस्मंड ओल्या केसांनी तळलेले मासे घेऊन वर आला. बाईंनी दार उघडले. अंगात पोहण्याचा पोशाख, डोक्याला रबरी टोपी.

"विनी, अगं, हे काय?"

"सकाळपासून तयार आहे. कोणी आलंच वर, तर असावं."

"मग हाक मारायची की."

"सणाच्या दिवशी कशाला तुला?"

"खुर्ची जिन्यापाशी आणली होती आम्ही."

"मग?"

"परत नेली. म्हटलं, तुला अपमान वाटेल."

"वाटला असता," बाई म्हणाल्या. "पाण्यात शिरल्यावर गेला असता. कसं होतं पाणी?"

"भयंकर."

"असणारच," बाई म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या. किनाऱ्यावर कोणी उरले नव्हते.

मित्रांनो, मला जपलेत, मी आभारी आहे. फक्त जिना चढताना माझे कठडेच न्याहाळत राहू नका. वर कोणीतरी टोपी घालून बसलेले असते.