सुपरवायझरचा एसी

पहिली दोरी

रंजिताने दोरी ओढली. छोटा जनरेटर खोकला, मग धडधडू लागला. कॅरॅव्हॅनच्या आत सुदेशने एसीचा खटका फिरवला. पंखा फिरला, कॉम्प्रेसर गुरगुरला आणि जनरेटरने मान टाकली.

"बघ," तो दारात येऊन म्हणाला. "नाही झेपत त्याला. मी सांगत होतो."

सत्तेचाळीस डिग्री. शारजातल्या धैदच्या पुढे वाळूत पाइपलाइनचं काम, शेजारी कामगारांचा तंबू, आणि हा जुना कॅरॅव्हॅन, सुपरवायझरसाठी. म्हणजे सुदेशसाठी. रंजिता व्हिजिट व्हिसावर चिपळूणहून येऊन आज चौथा दिवस. एसी चालला नाही तर तिने शनिवारच्या विमानाने परत जायचं, असं ठरलं होतं.

त्याने ठरवलं होतं.

दुसरी दोरी

धडधड. खटका. बंद.

"लगेच कशाला फिरवलात?"

"मग? मुहूर्त काढू?"

"बाबांनी जन्मभर पंप दुरुस्त केले. बंद पडलेल्या मशीनला दम खाऊ द्यायचा असतो, अहो."

तिने फ्रिजची पिन काढली.

"त्यात सुरमई आहे."

"संध्याकाळी तळून टाकू. तो दिवा बंद करा. आणि ही बारीक वायर नको, वेल्डिंगची जाड आणा."

तीन मिनिटं

ती घड्याळाकडे बघत उभी. तो तिच्याकडे. घाम हनुवटीवरून खाली.

"यल्ला, चल आता," तो म्हणाला.

"अजून एक मिनिट."

तिसरी दोरी

आधी नुसता पंखा. मग, तिने सांगायच्या आतच, सुदेशने खटका सर्वांत कमी थंडीवर आणला, जनरेटरचा आवाज ऐकत थांबला आणि हलकेच पुढे सरकवला. जनरेटर दबला. दबला. सावरला.

गार वारा तिच्या ओल्या मानेवर आला. ती हसली नाही. त्याच्या हाताकडे बघत राहिली.

"तुम्हाला येत होतं."

सुदेश खिडकीशी गेला. तंबूत दुपारच्या सुट्टीत माणसं ओली गोणपाटं अंगावर घेऊन पडली होती.

"गेल्या जूनमध्ये चालवला होता. एकच दुपार. चादर ओढून झोपलो होतो. तंबूतला महादू पाणी मागायला आला. गार हवा लागली तसा दारातच उभा राहिला. मग तसाच पाणी घेऊन गेला." तो थांबला. "त्यानंतर मला ते दार लावता आलं नाही. आणि तू असलीस तर चालवावाच लागेल."

"किती जण आहेत?"

"आठ."

रंजिताने बॅगेतून साडी काढली, एक टोक खिडकीच्या कडीला, दुसरं कपाटाला बांधलं. पलंग पलीकडे गेला. उरलेल्या जागेत चटई पसरली. मग दारातून हाक मारली.

"महादूभाऊ! सगळ्यांना घेऊन या. बूट बाहेर काढा."

"आत? वहिनी, साहेबांचा कॅरॅव्हॅन आहे तो."

"साहेबच बोलावतायत."

सुदेशने तिच्याकडे पाहिलं.

ते एकेक करून आले, अंग चोरून, गुडघे पोटाशी घेऊन बसले. वारा तितका गार राहिला नाही. कोणीतरी म्हणालं, "हबीबी, काश्मीर!" आणि दबकं हसू पसरलं.

आठवा माणूस आत आला. सुदेशने बाहेर एकदा नजर टाकली आणि दार लावून घेतलं.