तेहतीस नंबर

मित्रांनो, पोलादी कपाटात तळाशी दडपलेला मी एक जुना हजेरीपट आहे. या विद्यापीठाचा अगदी पहिला. बुकबाइंडरने मला खळ लावून लाल कापडात बांधलं, तेव्हा विद्यापीठ म्हणजे छापखान्याचं रिकामं गोदाम, बारा बाकं, एक प्राध्यापक आणि एक कारकून, एवढंच होतं.

त्याआधी इथल्या मुलांना शिकायचं तर दोन दिवसांचा प्रवास करून परगावी जावं लागे. कारकुनाची मुलगी तशीच निघाली होती. वाटेत तापाने गेली. याबद्दल तो कुणाशी बोलत नसे.

मान्यतेसाठी वर्गात तेहतीस विद्यार्थी हवे होते. आले बत्तीस. प्राध्यापक म्हणाले, "भाऊसाहेब, तेहतीस कोटी नकोत हो, नुसते तेहतीस द्या." कारकून हसला नाही. तपासणीच्या सकाळी त्याने माझ्या शेवटच्या ओळीत मुलीचं नाव लिहिलं. टाक इतका रुतला, की पुढच्या तीन पानांवर त्याचा वळ आहे.

तपासनीस स्वतःच हजेरी घेऊ लागले. बत्तीसपर्यंत सुरळीत चाललं.

"तेहतीस."

कारकुनाने मान खाली घातली. खोटं उघडं पडलं असतं, तर वर्गाला त्याच दिवशी कुलूप लागलं असतं.

शेवटच्या बाकावरून आवाज आला, "हजर."

तपासनीसांनी वर न बघताच 'ह' लिहिला. बत्तीस जणांनी मागे वळून पाहिलं. बाक रिकामं होतं. मग कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

मान्यता मिळाली. त्यानंतर प्राध्यापक बत्तीसवरच थांबत. तरी दुसऱ्या दिवशी मला उघडलं, की तेहतिसाव्या चौकटीत 'ह' असे. शाळकरी, गोल अक्षर. कारकून त्यावरून बोट फिरवी. एकदाच पुटपुटला, "शेपूट लांब काढते. किती वेळा सांगितलं."

पुढे इमारती उभ्या राहिल्या, विभाग वाढले. काही वर्षं मी काचेच्या पेटीत मिरवलो, मग इथे आलो. गेल्या महिन्यात जुन्या याद्या संगणकात भरायला घेतल्या. टंकलेखिकेने अधिकाऱ्यांना विचारलं, "सर, तेहतीसचा अर्जच नाही. गाळू?"

"गाळा. लिहिताना चूक झाली असेल."

तेव्हापासून रोज माझ्या एका कोऱ्या पानावर 'ह' उमटतो. शेपूट लांब. आता चारच पानं उरली आहेत.

मित्रांनो, जुन्या वहीतलं नाव गाळण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. आणि वाचून लगेच वही मिटू नका. उत्तर यायला थोडा वेळ लागतो.