अग्निबाबांचं तूप

मिरजगावच्या पाराभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. अग्निबाबांनी लोटीतलं पळीभर तूप होमकुंडात सोडलं, डोळे मिटून मंत्र पुटपुटला, आणि काडी न लावता कुंड भडकलं! बायांनी हात जोडले, बाप्यांनी टोप्या काढल्या.

"अग्नी आपला घरगडी हाय!" बाबा गरजले. "टेलिव्हिजनवाले, नीट टिपा. डाव्या अंगानं घ्या, तिकडून बरा दिसतो मी."

टेलिव्हिजन म्हणजे माणसं दिसणारा रेडिओ, एवढंच गावाला ठाऊक. मुंबईत तो नुकता सुरू झाला होता. तिथले बातमीदार साळवी कॅमेरावाल्याला घेऊन दुष्काळाच्या बातम्या करत नगर जिल्ह्यात फिरत होते, आणि नगरच्या कॉलेजात विज्ञान शिकणारी मुक्ता काम शिकायला सुट्टीभर त्यांच्याबरोबर होती. काम म्हणजे मायक्रोफोनची वायर गुंडाळायची आणि गप्प राहायचं.

तेवढ्यात गोजरबाईनं आपली सून पुढं केली. लंकाबाईला क्षय झालेला, नगरच्या दवाखान्यात सुया चालू होत्या.

"बाबा, हिला गुण येईल का?"

"येनार की! पर अंगारा सुरू, सुई बंद. दोन्ही एका अंगात नांदत न्हाईत."

ज्वाळेची जांभळी झाक मुक्तानं प्रयोगशाळेत पाहिली होती. ती साळवींच्या कानाशी लागली, "साहेब, ते तूप नाही."

"कॅमेऱ्यात संशय उमटत नाही गं. दाखवता येईल?"

"पुन्हा करायला सांगा. तूप मी आणते."

साळवींनी हात जोडले, "महाराज, चित्र नीट आलं नाही. परत एकदा?"

"धा येळा करतो!" बाबा खूश. चेल्यानं नव्या समिधा रचून वर राख भुरभुरली. तोवर मुक्तानं गोजरबाईला मागून तिच्या घरून वाटीभर तूप आणलं.

बाबांचा चेहरा उतरला. "ह्ये चालायचं न्हाई. इटाळ झालाय ह्याला."

गोजरबाई पदर खोचून उठली. "माझ्या घरचं तूप इटाळाचं? नातवाच्या तोंडचं काढून दिलंय मी! वता मुकाट्यानं!"

बाबांनी ओतलं. मंत्र झाला, तो चढ्या आवाजात पुन्हा झाला, बाबांना घाम फुटला. कुंड थंडगार.

मुक्तानं बाबांचीच लोटी उचलली आणि चार थेंब राखेच्या कडेला सोडले. "मला मंत्र येत नाही. पाढा म्हणते. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा..."

भस्सकन जाळ झाला!

"राखेत विहिरीत टाकायचं जांभळं औषध आहे," ती म्हणाली, "आणि लोटीत तोंड आल्यावर लावतात ते ग्लिसरीन. दोन्ही एकत्र आले की आपोआप पेट घेतात. पाढा म्हणा नाहीतर शिव्या द्या."

पार हसला. बाबा चपला शोधू लागले, पण गर्दीनं वाट दिली नाही.

साळवींनी मायक्रोफोन मुक्ताच्या हातात दिला. ती कॅमेऱ्याकडे वळली. "चमत्कार दिसला की नमस्कार करण्याआधी सामान आपलं द्या आणि पुन्हा करायला सांगा. खरं असेल ते दुसऱ्यांदाही होईल. आणि सुई बंद करायला सांगणाऱ्याला तर दारात उभं करू नका."

गोजरबाईनं सुनेचा हात धरला आणि साळवींना विचारलं, "साहेब, तुमची जीप नगरला जाती ना? हिची सुई आजच हाय. आमाला घ्या दोघींना."