चौदा नंबरचा बिल्ला

आमच्या उपसा केंद्रात एक नियम कागदावर कुठेच लिहिलेला नव्हता, म्हणूनच बहुधा सगळे तो पाळत. खाली यंत्रात उतरायचं असेल तर आधी त्या यंत्राचं बटण बंद करायचं आणि पॅनेलवरच्या हुकाला आपला पितळी बिल्ला अडकवायचा. तळहाताएवढा बिल्ला, त्यावर आपला नंबर ठोकलेला. हुकाला बिल्ला दिसतोय तोवर बटणाला कुणी बोट लावायचं नाही. आणि बिल्ला काढायचा तो ज्यानं लावला त्यानंच, मग साहेब येवोत नाहीतर मंत्री येवोत. ज्याचा बिल्ला, त्याचाच हात. सव्वीस वर्षांत हा नियम एकदाच मोडला, आणि तो मी मोडला.

मी तिथली पर्यवेक्षक. तोंडावर मला बाई म्हणायचे, पाठीमागे काय म्हणायचे तेही मला पाठ आहे. शहराचं सगळं सांडपाणी आमच्या विहिरीत येतं आणि तिथून पंप ते पुढे ढकलतात. पाण्याबरोबर चिंध्या येतात, केसांचे गुंते येतात, एकदा तर अख्खी गादीची खोळ आली होती. हे अडवायला जाळी आणि जाळी साफ करायला साखळीवर फिरणारं लोखंडी दाताळं. ते दिवसाआड अडकतं. मग माणसानं खाली उतरायचं, खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि चिंध्या उपसायच्या. या कामाची कुणाला हौस नसते, पण ते काम गेलं की माणूस कसा रडतो ते मी पाहिलं आहे.

वरून पत्र आलं की खर्च कमी करायचा आहे, दोन पदं काढा, कोणती ते पर्यवेक्षकानं कळवावं. म्हणजे निर्णय त्यांचा आणि वाईटपणा माझ्या पदरात. पहिलं नाव मी दुसऱ्याच दिवशी दिलं, माझ्या दिराचं. बाईनं घरचा माणूस वाचवला असं कुणी म्हणू नये म्हणून दिलं. आता वाटतं, तेव्हा मी न्याय नव्हता केला, स्वतःची अब्रू तेवढी राखली होती. सगळ्यांदेखत मी त्यांच्या हातातून चौदा नंबरचा बिल्ला घेतला आणि माझ्या खणात टाकला.

"वहिनी," ते एवढंच म्हणाले, "आधी घरी सांगायचं होतं."

त्यानंतर तीन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. घर एक, चूल एक. माझे यजमान गेल्यावर याच दिरानं मला सावरलं होतं. आता ताट घेऊन ते पाठ करून बसायचे. पुढे एका ठेकेदारानं त्यांना ठेवून घेतलं, तेच काम, तीच चिखलाची विहीर, कधी या केंद्रावर तर कधी त्या. फक्त ठेकेदाराच्या माणसाला बिल्ला नसतो. बिल्ला ऑफिसच्या मालकीचा.

दुसरं नाव द्यायला मात्र माझा जीव खालीवर होऊ लागला. फिटर आणि ऑपरेटर ही दोन पदं एक करायची होती. एकानं राहायचं आणि दोघांचं काम करायचं. फिटरला आम्ही मिस्त्री म्हणायचो. पाच माणसांना न उचलणारी मोटर तो एकटा हलवायचा आणि रागावला की माणूसही तसाच उचलायचा. ऑपरेटरला सगळे वकील म्हणत, कारण त्याच्या खिशात कायम नियमांची वही. मिस्त्री शिंकला तरी तो कलम काढायचा. दोघांचं आधीपासूनच विळ्याभोपळ्याचं सख्य, त्यात पंधरा तारखेपर्यंत एक जाणार हे कळलं आणि माझी झोप उडाली. नाव देईपर्यंत दोघांपैकी कुणाचं डोकं फुटू नये, एवढंच मी देवाकडे मागत होते.

पहिल्या आठवड्यात वकिलाच्या सायकलीची दोन्ही चाकं वाकडी झालेली सापडली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीच्या डब्यात विहिरीतला गाळ निघाला. तिसऱ्या दिवशी मुद्द्यावरून गुद्द्यावर आले. मिस्त्रीनं वकिलाचं डोकं पंपाच्या नळावर आपटलं, वकिलानं त्याचं बोट चावून नख उपटलं. मी पाण्याची बादली दोघांवर ओतली, जशी भांडणाऱ्या कुत्र्यांवर ओततात तशी. त्यांना वेगवेगळ्या पाळ्यांना टाकलं, तर पाळी बदलताना फाटकात भिडले.

मी वर कळवलं. वरच्यांनी माणूस पाठवायचा सोडून मलाच एका दिवसाच्या प्रशिक्षणाला बोलावलं. थंड खोलीत एका गोड आवाजाच्या बाईनं आम्हाला पडद्यावर चित्रं दाखवली. भांडणाऱ्या दोघांना समोरासमोर बसवा, प्रत्येकाला पाच मिनिटं बोलू द्या, मध्ये बोलू नका. शेवटी एक रंगीत कागद दिला. तिला मिस्त्रीसमोर पाच मिनिटं बसवायला हवं होतं, असं माझ्या मनात आलं. पण बुडत्याला काडीचा आधार. तो कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला.

पंधरा तारखेला तीन दिवस उरले होते. सकाळी साडेदहाला मी दोघांना माझ्या खोलीत बोलावलं. वकील वेळेवर आला. मिस्त्री दहा मिनिटं उशिरा, हात पुसत आला.

"दाताळं अडकलंय," तो म्हणाला. "बंद केलंय."

"ते नंतर बघू," मी म्हटलं. "बस."

तिथंच मी विचारायला हवं होतं, खाली कोण आहे म्हणून. नाही विचारलं. माझं सगळं लक्ष त्या रंगीत कागदावर.

पहिली पाच मिनिटं वकिलाची. त्यानं वही उघडली आणि मिस्त्रीचे सहा वर्षांतले गुन्हे तारीखवार वाचायला सुरुवात केली. मिस्त्री ऐकत होता. कागदाप्रमाणे मीही मध्ये बोलले नाही. चौथ्या मिनिटाला वकील म्हणाला, "हा माणूस दारू पिऊन कामावर येतो. त्याची बायको उगाच नाही माहेरी गेली."

मिस्त्रीनं टेबलच उचललं. टेबलाची कड वकिलाच्या छातीत बसली आणि तो खुर्चीसकट मागे पडला. मिस्त्री त्याच्या छातीवर बसून मारू लागला, शांतपणे, खिळा ठोकावा तसा. वकिलाच्या नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्याच्या हाताला खाली पडलेला मिस्त्रीचाच पाना लागला, दीड हात लांबीचा. तो त्यानं खालून वर फिरवला. मिस्त्रीचा जबडा एका बाजूला सरकला. दोन दात माझ्या रजिस्टरवर येऊन पडले.

आणि माझं डोकं फिरलं. हे मी लपवणार नाही, मला राग येतो आणि आला की पुढचं काही दिसत नाही. कोपऱ्यातलं फावडं घेऊन मी मिस्त्रीच्या नडगीवर घातलं, वकिलाच्या खांद्यावर घातलं, पुन्हा मिस्त्रीच्या पाठीत घातलं. तीन महिन्यांचं सगळं त्या फावड्यात उतरलं. ते कधीच थांबले होते, तरी मी मारत होते.

"दोघं निलंबित!" मी ओरडले. "बिल्ले टाका इथं."

वकिलानं नाक धरून आपला बिल्ला टेबलावर ठेवला. मिस्त्री भिंतीला टेकून बसला होता. तोंडातून रक्ताची तार लोंबत होती. त्यानं काहीतरी सांगायला हात वर केला, पण जबडा हलेना. नुसता घशातून आवाज येत होता. मला वाटलं, शिव्या देतोय.

"तुझा कुठाय ते मला माहीत आहे," मी म्हटलं आणि तरातरा पॅनेलकडे गेले. दाताळ्याच्या हुकाला नऊ नंबर लटकत होता, मिस्त्रीचा. मिस्त्री तर माझ्या खोलीत रक्त ओकतोय, म्हणजे खाली कुणी नाही. हा गाढव बिल्ला विसरून वर आलाय. असा हिशोब मी एका क्षणात केला, आणि बिल्ला ओढून काढला.

तेवढ्यात पाण्याची घंटा वाजली. दाताळं बंद, जाळी तुंबलेली, विहीर भरत चाललेली. वकील माझ्या मागोमाग आला होता, शर्ट रक्तानं माखलेला. निलंबित असला तरी घंटा वाजली की त्याचे पाय पॅनेलकडेच वळायचे. त्यानं नेहमीसारखं हुकाकडे पाहिलं. हुक रिकामा. त्यानं बटण दाबलं.

साखळी चालू झाल्याचा आवाज आला आणि त्याच्या आतून दुसरा आवाज आला. मिस्त्री लंगडत, भिंत धरत धावत आला आणि त्यानं पूर्ण पॅनेलच बंद केलं. मग तो माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो बोटांनी चौदा दाखवत होता, आधी दहा, मग चार.

माझे दीर खाली होते. ठेकेदारानं त्यांना त्या दिवशी आमच्याकडे पाठवलं होतं. मला तोंड दाखवायला नको म्हणून ते मागच्या फाटकानं आले. त्यांना बिल्ला नाही, आणि बिल्ल्याशिवाय मिस्त्री कुणाला खाली उतरू देत नसे. म्हणून त्यानं त्यांच्यासाठी आपला लावला. तो रानदांडगा माणूस, त्याला एवढी काळजी होती. मला नव्हती.

आम्ही खाली गेलो तेव्हा ते शुद्धीवर होते. उजवा हात खांद्यापासून साखळीत गेला होता. दाताळ्यावर चिंध्या आणि त्यांच्या शर्टाची बाही एकत्र गुंडाळली होती. मिस्त्रीनं साखळी उलटी फिरवली, वकिलानं पट्टा काढून खांदा आवळला. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांच्या रक्तानं आणि त्या घाणीनं माझं लुगडं जड झालं होतं. "वहिनी," ते म्हणाले. तीन महिन्यांनी तो शब्द मी ऐकला, तो असा.

हात वाचला नाही.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आणि वकील दोघं मिळून माझ्या घरी आले. मिस्त्रीचा जबडा तारांनी बांधलेला, तो पाटीवर लिहायचा आणि वकील वाचून दाखवायचा. दोघांत असा एकोपा मी कधी पाहिला नव्हता.

"चौकशीला साहेब एकच प्रश्न विचारणार," वकील म्हणाला. "हुकाला बिल्ला होता का. नव्हता म्हटलं तर ठेकेदाराच्या माणसानं स्वतःच्या चुकीनं हात गमावला. फाईल बंद. होता म्हटलं तर बिल्ला देणारा मिस्त्री अडकतो, बटण दाबणारा मी अडकतो, आणि बाई, तुम्ही तर जाताच."

मिस्त्रीनं पाटी पुढे केली. *आपण तिघं वाचू.* 

"आणि त्यांचं काय?" मी विचारलं.

मिस्त्रीनं पाटी पुसली. मग खडू खिशात टाकला.

चौकशीच्या आदल्या दुपारी मी दवाखान्यात गेले. जाऊ त्यांना चमच्यानं पेज भरवत होती. मला पाहून तिनं बसायला जागा केली. तिला अजून काही माहीत नव्हतं.

"वकिलानं मारलं मला," दीर म्हणाले. "बिल्ला असताना बटण दाबलं. वहिनी, उद्या साहेबांना ठणकावून सांगा. तो सुटला तर मी बरा होऊन त्याचा गळा या डाव्या हातानं आवळीन."

मूग गिळून बसले असते तर माझी नोकरी राहिली असती आणि घरात एक तरी पगार येत राहिला असता. हे मी जिना चढताना दहा वेळा स्वतःला समजावलं होतं.

"भाऊजी, हुकाला बिल्ला नव्हता," मी म्हटलं. "मी काढला होता."

जावेच्या हातातला चमचा तसाच राहिला. दिरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ते का म्हणून विचारतील. त्यांनी विचारलं नाही.

"माझा बिल्ला अजून तुमच्याच खणात?"

मी तो आणलाच होता. पर्समधून काढला आणि चादरीवर त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. त्यांनी तो उचलला, नंबरावरून अंगठा फिरवला आणि फेकला. माझी भुवई फुटली. डावा हात, त्याला सवय नाही, तरी नेम चुकला नाही. रक्त डोळ्यात उतरलं, आणि खोटं का सांगू, त्या फावड्यानंतर पहिल्यांदा मला श्वास घेता आला. जाऊ जागची उठली नाही. टाके नर्सनं घातले.

दुसऱ्या दिवशी पट्टी बांधूनच मी साहेबांना सांगितलं. बिल्ला होता. मी काढला. मिस्त्रीनं दिला तो माणूस वाचावा म्हणून दिला, आणि वकिलानं नियम पाळला. साहेबांनी मला दोनदा विचारलं, शुद्धीवर आहात ना. त्याच आठवड्यात मला काढलं. दुसरं नाव द्यायची मग गरजच उरली नाही, दोन पदं पुरी झाली. वकील आणि मिस्त्री दोघंही राहिले आणि महिन्याभरात पुन्हा भांडले असं ऐकलं. चूक ऑफिसची ठरली, म्हणून दिरांना आयुष्यभराची पेन्शनसारखी रक्कम लागू झाली.

ते घरी आले त्या दिवशी त्यांनी जावेकडे खिळा मागितला. तो तिनं धरला, त्यांनी डाव्या हातानं ठोकला, माझ्या खोलीच्या दारावर. त्याला चौदा नंबर अडकवला. घरात कुणी त्याला हात लावत नाही, धूळ झाडतानाही नाही. मी दिवसातून वीस वेळा त्याखालून जाते. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. ते ज्या दिवशी तो काढतील, त्या दिवसाची मी वाट बघते आहे.